मी गप्प झालो तेव्हा

मित्रांनो, मला डोळे नाहीत. आहे तो एक कान, पेन्सिलीएवढा, आणि तळहातात मावणारं पोट. मी डॉप्लर, पायाची नाडी ऐकणारं एक जुनं यंत्र. कातडीखाली वाहणाऱ्या रक्ताची चाहूल मला लागते आणि मी ती साऱ्या खोलीला ऐकवतो : हूश्श, हूश्श. कुणाच्या पायात खळाळता ओढा असतो, कुणाच्या पायात नुसती ओल.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने भिंगातून बघत माझ्या तारा जोडल्या आणि पहिली चाचणी स्वतःच्याच मनगटावर घेतली. मी ऐकलेलं पहिलं रक्त तिचं. खोली शांत झाली की अजून ते आठवतं.

मग मी या दवाखान्यात आलो. तरुणपणी फार कौतुक झालं. पुढे पडद्यावर चित्र दाखवणारी मोठी यंत्रं आली आणि मी खणात, चिकटपट्ट्यांच्या शेजारी जाऊन पडलो. एकदा हातातून निसटलो आणि बॅटरीचं झाकण सैल झालं. तेव्हापासून मी मधेच गप्प व्हायचो. सिस्टर एक चापट मारायच्या, की पुन्हा बोलू लागायचो. साऱ्यांना ती सवय झाली. मलाही.

एका दुपारी सतरा वर्षांची एक मुलगी आली. धावणारी. घरी तिला भिंगरी म्हणत. अर्धी फेरी झाली की तिची पोटरी दगडासारखी व्हायची, तळवा बधिर पडायचा. थांबली की सगळं ठीक. आधी दोन ठिकाणी तिला निजवून तपासलं होतं. नाडी उत्तम निघाली, म्हणून तिला काही झालेलंच नाही असं ठरलं. बरोबर वडील होते, बागकाम करणारे. ते म्हणाले, संघाची निवड जवळ आली की हिचा पाय दुखतो. भिंगरी छताकडे बघत राहिली.

डॉक्टरबाईंनी माझ्या कानाला जेली लावून मला तिच्या घोट्याच्या आतल्या बाजूला टेकवलं. असा ओढा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. वडिलांनी ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ अशी मान हलवली.

“आता गुडघा सरळ ठेव, आणि पावलाने माझा हात खाली दाब. जोरात.”

तिने दाबला. मी गप्प झालो.

सिस्टरनी सवयीने चापट मारली. मग दुसरी. “गेले वाटतं आमचे आजोबा,” म्हणत त्या नवी बॅटरी आणायला वळल्या.

मला सांगायचं होतं की माझं काही बिघडलेलं नाही, खाली प्रवाहच थांबलाय. पण प्रवाह नसला की मला शब्द नसतो.

“थांबा, त्याला मारू नका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पाय सैल सोड गं.”

हूश्श, हूश्श.

“दाब.”

शांतता.

काही निरोगी पायांतही असं होतं, म्हणून त्यांनी घाई केली नाही. मोठ्या यंत्रावर, पाय दाबायला लावूनच, चित्रं काढून घेतली. गुडघ्यामागे पोटरीचा स्नायू जन्मापासून भलत्या जागी चिकटलेला होता. धावताना तो रक्तवाहिनीला चिमटीत धरायचा. असंच चाललं असतं तर वाहिनी एक दिवस कायमची बुजली असती.

“म्हणजे नळीवर पाय पडून पाणी अडावं, तसं,” वडील हळू म्हणाले. “आणि मी हिला कामचुकार म्हणत होतो.”

“दिवसातून दोनदा, बाबा,” भिंगरी म्हणाली. “जेवणाआधी आणि जेवणानंतर.”

शस्त्रक्रियेत तो स्नायू सोडवला. वाहिनी अजून धडधाकट होती, तिला हात लावावा लागला नाही. त्या वर्षीची निवड मात्र हुकली.

काही महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा डॉक्टरबाईंनी मलाच मागवलं. गुडघा सरळ झाला, पाऊल दाबलं गेलं. सिस्टरचा हात सवयीने वर उठला.

तो हवेतच राहिला. मी बोलत होतो.

मित्रांनो, काम झालं की माझ्या कानावरची जेली पुसा, बॅटरी काढून ठेवा, एवढंच माझं मागणं. आणि कुणी मधेच गप्प झालं, तर चापट मारण्याआधी विचारा, बाबा रे, कुठे दाबलं जातंय?

त्या दिवशी वडील माझ्याजवळ वाकून म्हणाले, “अजून एकदा दाब.” तिने दाबलं. ओढा वाहत राहिला. त्यांनी डोळे मिटले.

“अजून एकदा.”