अडकलेला काटा

मित्रांनो, पितळेचा वाटोळा डबा, वर काच आणि काचेमागे एक काटा, एवढाच काय तो मी. मी एक जुना हवामापक आहे. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये किती हवा उरली, हे पाणबुड्याला माझ्याकडे पाहून कळते. काटा दोनशेवर असला की सिलिंडर भरलेला. पन्नासवर आला की वर निघायचे.

कारखान्यातून मी थेट एका आडबाजूच्या समुद्रकाठी आलो. तिथे तीन बाजूंना उभे कडे आणि मध्ये नितळ पाणी आहे. तळाच्या कपारी पाहायला पाणबुडे दुरून येतात. त्यांना सामान देणारे काका रोज मला गोड्या पाण्यात बुडवत, फडक्याने पुसत आणि म्हणत, "हा कधी खोटं बोलत नाही." मी फुलून जाई.

पुढे काकांचे गुडघे गेले. ते होडीत बसून राहू लागले आणि दुकान पुतण्याने हाती घेतले. तो मनाचा वाईट नव्हता, पण मोठा अंगचोर. "पाण्यातलीच वस्तू ती, तिला कसली आंघोळ?" म्हणत तो मला तसाच खुंटीला अडकवी. मीठ माझ्या आत शिरले. काटा मध्येच अडकू लागला. पुतण्याने ते पाहिले, टिचकी मारली, काटा हलला. त्याचे काम भागले.

एके सकाळी दोन बहिणी आल्या. दोघीही सरावलेल्या. थोरली परिचारिका होती. मी तिच्या वाट्याला आलो. खाली अठरा मीटरवर माझा काटा एकशेदहावर अडकला. हवा कमी होत होती आणि मी एकशेदहाच दाखवत होतो! धाकटीने आपला काटा दाखवला: साठ. थोरलीने मला पाहिले आणि 'माझी भरपूर आहे' अशी खूण केली. मला ओरडावेसे वाटले, पण मला तोंड कुठे होते?

धाकटी कपारीतल्या ऑक्टोपसकडे वळली. तेवढ्यात थोरलीचा श्वास जड झाला. पुढचा श्वास आलाच नाही. बहीण पाठमोरी, पाच-सहा हात दूर. थोरलीने मला मुठीत धरले आणि सिलिंडरवर आपटले. ठण्! ठण्! माझी काच तडकली आणि काटा धाडकन शून्यावर पडला.

धाकटी वळली. झेपावली. आपली जादाची नळी तिने ताईच्या तोंडात कोंबली. आता एका सिलिंडरवर दोन जीव होते. घाईने वर जाणेही धोक्याचे, खोलवर रक्तात मुरलेली हवा सावकाश बाहेर पडू द्यावी लागते. होडीच्या दोराला धरून त्या पाच मीटरवर तीन मिनिटे थांबल्या. धाकटीचा काटा तीस, पंचवीस, वीस असा उतरत होता.

वर येताच धाकटी रडू लागली. "ताई, बोल ना काहीतरी!"

"बोलते गं बाई, आधी श्वास तर घेऊ दे!"

पुतण्या पांढराफटक पडला. "टिचकी मारली की चालायचा तो..."

"आणि हे तू त्यांना सांगितलंस?" काकांनी विचारले.

त्या दिवशी पुतण्याने बाकीच्या पाणबुड्यांना परत पाठवले आणि एकूण एक वस्तू उघडून धुतली. मी मात्र दुरुस्तीपलीकडे गेलो होतो.

आता मी दुकानाच्या दारात टांगलेला असतो. "यानेच घंटा वाजवून जीव वाचवला," असे लोक कौतुकाने म्हणतात. मला लाज वाटते. ठणठणाट करणे माझे काम नव्हते, खरे सांगणे माझे काम होते.

मित्रांनो, ज्याच्या भरवशावर कुणी खोल उतरणार आहे, त्याला वेळच्या वेळी धुवा-पुसा. आणि बिघाड दिसला, तर टिचकी मारून गप्प बसू नका. सांगा.