गुरुवारची अंगठी

मित्रांनो, मी एक जुनी अंगठी आहे. माझ्याकडे पाहून तुम्हाला ते खरं वाटणार नाही. सोन्याला सुरकुत्या पडत नाहीत, पण वाट पाहून पाहून तेही थकतं, हे मी अनुभवानं सांगते.

थेरगावात डांगे चौकाजवळ गणराजशेठ यांचं छोटंसं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. कारागिरानं सोनं मुशीत वितळवलं, त्याची पट्टी ठोकली, ती वाकवून टोकं जोडली आणि मधोमध एक बारीक लाल खडा बसवला. खडा वर उचललेला नव्हता, सोन्यात पुरता बुडवलेला होता. वरून बोट फिरवलं तर हाताला लागतही नसे. झिलई झाल्यावर कारागिरानं मला दिव्यासमोर धरलं आणि स्वतःशीच मान हलवली. ते माझं पहिलं कौतुक.

माण गावातल्या एका घरानं मला साखरपुड्यासाठी नेलं. पण ते लग्न ठरता ठरता मोडलं. कुणाच्याही बोटात न जाता मी डबीतून तशीच परत आले. थोडे दिवस काचेखाली उजेडात बसले. मग नव्या घडणीचे दागिने आले आणि माझी रवानगी खालच्या खणात झाली. खण उघडला की वाटायचं, आता माझी पाळी. शेठचा हात आत यायचा, माझ्या शेजारचीला उचलायचा आणि खण बंद व्हायचा. जिवाची घालमेल काय असते, ते मी त्या खणात शिकले.

एका गुरुवारी दुकानात एक तरुण आला. गुरुवारी इकडच्या कंपन्यांना सुट्टी असते, म्हणून त्या दिवशी दुकानात गर्दी. याचं नाव धम्मरत्न. चाकणच्या एका कंपनीत तो मशीन दुरुस्तीचं काम करायचा. तो खुर्चीवर बसे, उठे, काचेवर वाके, पुन्हा बसे.

"कुणासाठी बघायची?" शेठनी विचारलं.

"आमच्या लाइनवर कामाला आहे एकजण. उत्कर्षा. तिला अजून विचारलेलं नाही. अंगठी घेऊनच विचारणार आहे."

"माप आणलंय?"

धम्मरत्ननं खिशातून कामावरचा एक जुना हातमोजा काढून काउंटरवर ठेवला. तो तिनं टाकून दिलेला होता. "बसमध्ये एकदा तिच्या बोटात वॉशर घालून बघत होतो, गंमत म्हणून. तिनं पटकन हात ओढणीत लपवला. लाजली असणार. म्हणून हा आणला."

शेठ हसले. मापाच्या कड्यांचा जुडगा काढून त्यांनी हातमोज्याच्या बोटावर एकेक चढवून पाहिली. मग भराभर अंगठ्या मांडल्या. फुलाच्या, पानाच्या, उंच खड्यांच्या. धम्मरत्न प्रत्येकीवरून अंगठा फिरवायचा आणि बाजूला सरकवायचा.

"ही अडकेल. हीपण अडकेल. कामावर अंगठी चालत नाहीच, पण बाहेरसुद्धा कपड्यात, केसात अडकायला नको."

तेव्हा शेठनी खालचा खण उघडला आणि या वेळी त्यांचा हात माझ्याकडे आला. "ही बघ. पण सांगून ठेवतो, ही एकदा परत आलेली आहे."

धम्मरत्ननं माझ्यावरून अंगठा फिरवला. तो कुठंच अडला नाही. "परत आली तर आली, शेठ. तिचा काय दोष," तो म्हणाला. त्या एका वाक्यासाठी मी त्याला जन्मभर विसरणार नाही.

आकुर्डीत तो लातूरच्या ज्योतीरामबरोबर एका खोलीत राहायचा. दोघं एकाच कंपनीत होते. तिथं गेल्यावर मला वाटलं होतं, आता थोडा निवांतपणा मिळेल. पण कसला निवांतपणा. आधी त्यानं मला बुटात ठेवलं. मग तांदळाच्या डब्यात. मग हेल्मेटच्या अस्तरात, तिथून पान्यांच्या पेटीत. दर थोड्या वेळानं तो यायचा, डबी उघडून बघायचा आणि जागा बदलायचा.

"सारखी जागा कशाला बदलायलास बे? तिला पाय फुटलेत का काय?" ज्योतीराम म्हणायचा.

"तू नको बोलू राव. नाही म्हणाली तर?"

"म्हणू दे की. विचारलास तर म्हणंल ना."

विचारायचं कसं, हे ज्योतीरामनंच ठरवलं. कंपनीचा फॅमिली डे जवळ आला होता. त्या दिवशी घरची माणसं कंपनी बघायला येतात, मंडपात खेळ, बक्षिसं आणि जेवण असतं. माइक ज्योतीरामच्या हातात असणार होता. बक्षिसं संपली की त्यानं धम्मरत्नला स्टेजवर बोलवायचं. मेंटेनन्सच्या पोरांनी मागे एकेक पुठ्ठा उंच करायचा, 'उत्कर्षा', 'माझ्याशी', 'लग्न', 'करशील?' आणि धम्मरत्ननं गुडघ्यावर बसून मला पुढं करायचं. खोलीत तालीम झाली. उत्कर्षाच्या जागी ज्योतीराम खांद्यावर टॉवेल घेऊन उभा राहिला. धम्मरत्न दर वेळी डबी उलटी धरायचा.

मित्रांनो, मलाही झोप नव्हती. साऱ्या लोकांसमोर मी उजेडात येणार होते, आणि ती नाही म्हणाली तर पुन्हा त्या खणात जाणार होते.

तो दिवस उजाडला. मी डबीत, डबी धम्मरत्नच्या पँटच्या खिशात. दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. कंपनीच्या गेटवर त्याला उत्कर्षा भेटली. बरोबर तिचे वडील होते, विलासराव. धम्मरत्न त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. पूर्वी ते भोसरीत कामाला होते आणि मग त्यांनी नोकरी सोडली, एवढंच तिनं त्याला सांगितलं होतं.

"जय भीम, काका."

"जय भीम. तुम्हीच का धम्मरत्न? हिच्या बोलण्यात नाव असतं तुमचं."

"बाबा, चला आत," उत्कर्षा घाईघाईनं म्हणाली.

गेटवरचा सुरक्षारक्षक प्रत्येकाला थांबवत होता. "अंगठी, घड्याळ, कडं असेल तर इथं काढून ठेवा. आज मशीनं बंद आहेत, पण नियम तो नियम. काका, तुमच्या हातात अंगठी आहे का?"

"आमची मशीननं कधीच काढून घेतली," विलासराव सहज म्हणाले. "बोटासकट."

रक्षकानं बहुतेक मान खाली घातली असावी, कारण त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "जा काका, जा आत."

खिशात धम्मरत्नचा हात आला आणि डबीभोवती घट्ट मिटला. हातमोजा, वॉशर, ओढणीत लपवलेला हात, सगळं त्याच्या डोक्यात एकदम आलं असणार. कंपनीत कुणाच्याच बोटात अंगठी नसते, त्यामुळे उत्कर्षाच्याही बोटात ती नाही, याचं त्याला कधी नवल वाटलं नव्हतं. आणि मला तर काय वाटलं, ते कसं सांगू? माझ्याच जातकुळीतल्या एकीनं या माणसाचं बोट नेलं होतं. आजवर मला फक्त परत जाण्याचं भय होतं. आता त्या मुलीच्या समोर जाण्याचंच भय वाटू लागलं.

कंपनी दाखवून दोघांना मंडपात बसवेपर्यंत बक्षिसं संपली होती, आणि तो स्टेजकडे पळत सुटला. ज्योतीरामनं आधीच माइक हातात घेतला होता. धम्मरत्न लांबून जोरजोरात हात हलवत असावा, नको नको म्हणत होता. ज्योतीरामला वाटलं असणार, याचा धीर सुटला.

"आता आमचा जिगरी दोस्त धम्मरत्न स्टेजवर येणार आहे, त्याला काहीतरी सांगायचंय," ज्योतीरामचा आवाज मंडपभर घुमला.

टाळ्या वाजल्या. धम्मरत्न वर गेला. मागे पहिला पुठ्ठा सरकल्याचा आवाज झाला. त्यानं माइक तोंडाशी नेला.

"जेवायला चला," तो म्हणाला. "पुऱ्या गरम आहेत."

लोक हसले आणि खुर्च्या सरकवत उठले. बाकीचे पुठ्ठे खालीच राहिले. पण पहिला वर गेला तो गेलाच, आणि त्यावर लिहिलेलं नाव तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं वाचलं होतं.

बसच्या शेडमागे ती त्याला शोधत आली.

"माझं नाव कशाला लिहिलं होतं?"

"काही नाही. राहू दे."

"धम्मा, खरं सांग."

त्यानं डबी बाहेर काढली आणि उघडली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं. सावळी, बारीक चणीची, वेणी घट्ट बांधलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागं सरली.

"मला माहीत नव्हतं गं," तो म्हणाला. "आज गेटवर कळलं. मी तुला विचारायला हवं होतं."

"मी शाळेत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "दवाखान्यात बाबांच्या तुटलेल्या बोटातली अंगठी कापून काढली होती. आईनं ती पुडीत बांधून आणली. त्यानंतर मला अंगठी बघवत नाही. कुणाच्याही बोटातली. कारखान्यात बरं वाटतं मला, तिथं कुणीच घालत नाही." मग तिनं डोळे पुसले. "तुझ्याशी लग्न करायचंय मला. तू विचारलं नसतंस तर मीच विचारणार होते. पण ही नको."

"नको तर नको," धम्मरत्न लगेच म्हणाला आणि डबी मिटू लागला. मित्रांनो, त्याच्या चेहऱ्यावर केवढा आनंद होता. त्याच्या आनंदात मला सामील व्हायचं होतं, पण मला तो खण दिसू लागला.

तेवढ्यात हातात ताट घेऊन विलासराव तिथं आले. "इथं काय चाललंय? पुऱ्या गार व्हायला लागल्या." मग त्यांची नजर डबीवर गेली. त्यांनी ताट कठड्यावर ठेवलं. "बघू."

त्यांनी मला चार बोटांच्या तळहातावर घेतलं. करंगळीशेजारी नुसती गुळगुळीत कातडी होती. त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला, अगदी धम्मरत्ननं फिरवला होता तसा.

"चांगली निवडलीस पोरा. कुठं अडकायची नाही."

"बाबा, नको ना," उत्कर्षा म्हणाली.

"ऐक. पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो मी. हात आत जाऊ नये म्हणून असते ती मशीनची जाळी काढून ठेवायला लावली होती, माल भराभर निघावा म्हणून. अंगठी काढून ठेवा, असं आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. तुझ्या आईनं हौसेनं घातलेली होती ती. माझं बोट घाईनं नेलं गं. तू इतकी वर्षं त्या अंगठीवर राग धरून बसलीस."

त्यांनी आग्रह केला नाही. मला सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकलं आणि म्हणाले, "माझ्याकडं राहू दे. तिला वाटलं तर मागेल, नाहीतर नाही मागणार. लग्न काही अंगठीवाचून अडत नाही."

मग माझा मुक्काम त्या खिशात पडला. सदरा बदलला की ते मला दुसऱ्या सदऱ्यात टाकायचे. दोन्ही घरांची बोलणी झाली, विहारात जाऊन तारीख ठरली. माझं नाव कुणी काढलं नाही. विलासराव मात्र कधीमधी खिशावर हात ठेवून बघायचे, आणि त्यांचा हात लागला की मला वाटायचं, आज. पण तो आज काही येत नव्हता.

एका गुरुवारी दुपारी बापलेक ओट्यापाशी लसूण सोलत बसले होते. उत्कर्षानं सोलता सोलता, वर न बघता विचारलं, "बाबा, ती आहे का जवळ?"

विलासरावांनी कुठली, असं विचारलं नाही. हात पुसून मला तिच्यासमोर ठेवलं. तिनं मला उचललं, बराच वेळ धरून ठेवलं. मग स्वतःच्या हातानं बोटात घातलं. हातमोज्यावरून घेतलेलं माप किंचित सैल निघालं, पण मी घट्ट धरून राहिले. बोटाची ऊब काय असते ते मला त्या दिवशी कळलं. तिच्या हाताला लसणाचा वास होता.

संध्याकाळी धम्मरत्न आला. तो लग्नाच्या कुठल्याशा हॉलबद्दल बोलत होता. तिनं त्याच्यापुढं चहाचा कप धरला. त्यानं हात पुढं केला आणि बोलता बोलता थांबला. कप तिच्याच हातात राहिला.

"चहा गार होईल," ती म्हणाली.

तो तिथंच फरशीवर बसला. आठवडेच्या आठवडे ज्यानं दुसऱ्याला चकित करायचा घाट घातला होता, तोच आज चकित झाला होता.

मित्रांनो, लग्नाला अजून अवकाश आहे, पण आता मी दर गुरुवारी तिच्या बोटात असते. बाकीचे दिवस मी कामावर जात नाही आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. तुमच्याही घरात कुणी मशीनवर जात असेल, तर दारातून निघताना त्यांच्या हाताकडे एकदा बघा. कुणाची आठवण म्हणून, हौस म्हणून, सवय म्हणून आम्हाला आत नेऊ नका. आम्ही घरी थांबू. आणि कुणाला काही मनापासून द्यायचं असेल तर देण्याआधी त्या माणसाला विचारा. विचारल्यानं आनंद कमी होत नाही, हे मी पाहिलं आहे.

शुक्रवारी सकाळी शिफ्टची बस नाक्यावर येते. उत्कर्षा पायात बूट चढवत असते आणि विलासराव दारात हात पुढं करून उभे असतात. मी त्यांच्या तळहातावर उतरते. ते मूठ मिटतात, आणि मगच ती पळत सुटते.