बेडका कुणाचा

स्नेहलचा साखरपुडा आठवड्यावर आलेला, आणि आळेफाट्याच्या खासगी दवाखान्यात पीयूष डॉक्टरनं तिच्या छातीचा फोटो खिडकीकडं धरून सांगितलं, "टीबी आहे. आजच गोळ्या सुरू करा."

"आन बेडका तपासायचा न्हाई का?" स्नेहलच्या आईनं, ठकूबाईनं विचारलं. सरकारी दवाखान्यात आधी बेडका तपासतात, एवढं तिच्या कानावर होतं.

"फोटोत डाग दिसतोय ना? मग कशाला?"

ठकूबाईचं डोकंच फिरलं. डाग म्हणे! असल्या डागापायी येडगावचं स्थळ हातचं घालवायचं? फोटो चुकलाय असं सरकारी डॉक्टरकडून वदवून घ्यायचंच, या हट्टानं तिनं लेकीला तडक सरकारी दवाखान्यात नेलं. पण बेडक्याची डबी पोरीच्या हातात आली तशी बाई थबकली. पोरीच्या बेडक्यात खरंच काही निघालं तर?

"आण ती डबी. मीच खाकरते."

"आये, असं नको गं."

"गप! माझा खोकला मिसरीचा. मला काय धाड भरलीया?"

बेडका तीनदा द्यायचा होता; तिन्ही वेळेला बाईनं भिंतीआड जाऊन डबी भरली.

निकालाला आली ती अगदी निवांत. डॉक्टरीणबाईंनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "स्नेहल, बेडक्यात जंतू आहेत, भरपूर आहेत. ह्या गोळ्या इथंच, माझ्यासमोर घ्यायच्या."

ठकूबाईला दरदरून घाम फुटला. जंतू तिचेच होते! बोलावं तर लबाडी उघडी पडणार, सोयरीक मोडणार. स्नेहलनं एकदा आईकडं बघितलं आणि मुकाट्यानं हात पुढं केला. अहो, आईची लाज राखायला पोरगी आईच्या गोळ्या गिळायला निघाली होती!

गोळ्या ओठांशी गेल्या तसा ठकूबाईनं तिच्या हातावर फटका मारला. गोळ्या फरशीवर पांगल्या.

"नको गिळू! बाई, त्यो बेडका माझा व्हता. तिन्ही येळंला माझाच."

"जिवाशी खेळता होय?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. त्यांनी नवी डबी देऊन स्नेहलला सिस्टरबरोबर बाहेर धाडलं. "आणि तुमचा खोकला कधीपासनं?"

"दिवाळीच्या आधीपासनं." ठकूबाईनं पदर तोंडाशी धरला. "आमी मायलेकी एकाच वाकळंत निजतो, बाई. फोटोतला त्यो डाग... मीच दिला का वो तिला?"

डॉक्टरीणबाईंनी ठकूबाईच्या नावाचा नवा केसपेपर काढला. भिंतीआड स्नेहल खोकत होती.