सोनपारचा पहिला जमीनमालक

सोनपारातून मालगुजारी मुळासकट उपटली गेली, हे इतिहासाने सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवावं. इतिहासाने लिहिलंही, फक्त लिहायला तो मालगुजाराच्याच ओसरीवर बसला, आणि चहाही तिथलाच प्याला.

त्याच ओसरीवर १९७६ साली सिलिंगच्या कायद्यात मालगुजाराकडून निघालेली तीन एकर जमीन चंपतरावला मिळाली. तेव्हा तो मालगुजाराकडे सालदार होता. त्याने दोन कागदांवर अंगठा दिला. पहिल्याने जमीन त्याची झाली, दुसऱ्याने ती मक्त्याने परत मालगुजाराकडे गेली. मधल्या वेळात, शाई वाळेपर्यंत, चंपतराव जमीनमालक होता. पुढची पन्नास वर्षं त्याने आपल्याच वावरात दुसऱ्याची मजुरी केली.

यंदा त्याची बायको प्रयागबाई हिने मोजणीचा अर्ज टाकला, तालुक्याला अकरा खेपा घातल्या. शेवटी मोजणीदार पंचांना घेऊन आला, चार कोपऱ्यांत दगड रोवले आणि संत्र्याच्या ऐन बागेत उभं राहून म्हणाला, "ही तीन एकर चंपतरावची. घ्या कब्जा."

मालगुजाराचा नातू भूपेश शहरातल्या रामदासपेठेतून गाडी घेऊन आला होता. तो रागावला नाही. शिकलेली माणसं रागावत नाहीत, कागद आणतात.

"काका, अभिनंदन! आता या वयात कुठे उन्हातान्हात खपता? जुनाच मक्ता, फक्त कागद नवा. इथे अंगठा."

"अंगठा नोका देऊ जी!" प्रयागबाई कडाडली. "देसान तं घरात पाय नोका ठेवू!"

"तू चूप राय वं."

"पन्नास वर्सं चूपच होती! माही जमीन हाय म्हना ना! तोंडात काय संत्रा कोंबला का?"

"बोल ना गा चंपत," पंचांतला एक म्हणाला.

मोजणीदार यंत्र आवरता आवरता थांबला. भूपेशने शाईची डबी तशीच पुढे धरलेली. चंपतरावने बागेवरून नजर फिरवली. एकूणएक झाड त्याच्या हातचं. त्याने अंगठा मुठीत दडवला आणि मूठ धोतराच्या सोग्यात. प्रयागबाईचा जीव भांड्यात पडला.

मालगुजाराच्या बागेत चपला घालून शिरायची गड्यांची रीत नव्हती. चंपतरावच्या आजही धुऱ्यावर, बांधाकडेलाच राहिल्या होत्या. चंपतरावने मान वर केली. भूपेशच्या डोळ्याला डोळा भिडवला. जन्मात पहिल्यांदा.

"मालक," तो म्हणाला, "काटे रुतून राहिले. चपला घालू का?"