आधी पाणी, मग निरोप

अब्राफीचा मासा कधी वास मारत नाही, असं कुमासीच्या बाजारातल्या बाया पैज लावून सांगायच्या. अब्राफीला नवऱ्यापेक्षा, पोरांपेक्षा, गळ्यातल्या सोन्यापेक्षा हे एक वाक्य प्यारं होतं. टेमा बंदरात उतरलेला गोठवलेला मासा ती कुमासी, टेचिमान, तमालेच्या शीतगृहांत ठेवून विकायची. शिवाय घराण्याची राणीआई, म्हणजे रिवाजाने सगळ्यांत मानाची बाई. तिच्याशी थेट बोलायची कुणाची टाप नाही. बोलायचं ते काठीवाल्या म्हाताऱ्या बादूशी; तो शब्द तासून-पुसून तिच्यापुढे ठेवणार.

धंदा वाढला तशी संगणकांचीही खोगीरभरती झाली. बंदराचा वेगळा, ट्रकांचा वेगळा, थंडी मोजणारा वेगळा, विक्रीचा वेगळा. सवती बऱ्या, त्या निदान भांडतात तरी. हे एकमेकांकडे बघतही नव्हते. तेव्हा तिच्या बहिणीचा मुलगा कोजो, म्हणजे रिवाजाने तिचा वारस, अक्राहून नवी विद्या शिकून आला. त्याने भिंतभर कागद डकवला. डावीकडे चौकोन, उजवीकडे चौकोन, मधोमध एक पोट सुटलेला चौकोन, आणि सगळीकडून बाणच बाण.

"मावशी, आता कुणी कुणाशी परस्पर बोलायचं नाही. सगळी माहिती या मधल्या चौकोनात येणार. पहिला थर गोळा करणार, दुसरा धुऊन-निवडून घेणार, तिसरा सगळ्यांची भाषा एक करणार."

"आणि मला कोण सांगणार?"

"चौकोनच सांगेल की. थेट तुझ्या फोनवर."

"थेट?" अब्राफीच्या भुवया डोक्यावरच्या रुमालात शिरल्या. "माझा नवरा मरेपर्यंत माझ्याशी थेट बोलला नाही, आणि हा डबा बोलणार? याला काही वळण लावलंयस की नाही?"

मग बादूला कोजोच्या शेजारी खुर्ची मिळाली. म्हाताऱ्याने रीत सांगितली. पाहुण्याने दारात म्हणायचं, 'सगळं शांत आहे.' घरात प्रेत असलं तरी हेच. मग त्याला पाणी द्यायचं. तो पाणी प्यायला की येण्याचं कारण विचारायचं. त्यानंतर खरा निरोप.

कोजोने रात्रंदिवस खपून चौथा थर बांधला. निरोप आला की फोनवर उमटायचं, 'सगळं शांत आहे', आणि खाली पाण्याचा पेला. राणीआईने पेल्यावर बोट ठेवलं की निरोप तोंड उघडणार. तोवर मागचे निरोप हात बांधून रांगेत उभे.

अब्राफी अशी खूश झाली की तिने इतर घराण्यांच्या राणीआयांना बोलावून फोन दाखवला. "तुमच्या जावयांपेक्षा माझा डबा शहाणा आहे गं!" आणि नोकरांना दम भरला, "इथून पुढे जे यायचं ते चौकोनातून. मला परस्पर फोन करणाऱ्याने दुसरीकडे काम बघावं."

मग मामपाँगला तिच्या चुलतभावाचा मोठा अंत्यविधी आला. अब्राफी काळ्या-तांबड्या वस्त्रात मानाच्या जागी बसली. रडायचं, नाचायचं, कुणी किती मोठी मानाची छत्री आणली ते बघायचं. हाताला उसंत नव्हती. फोन गुरगुरला की ती तिरक्या नजरेने बघे. सगळं शांत आहे. पुन्हा गुरगुरला. सगळं शांत आहे. "बघ बादू," ती म्हणाली, "मी नसले तरी कसं सुरळीत चाललंय."

दुसऱ्या दिवशी चर्चहून येऊन पाय पसरल्यावर तिने पेल्यावर बोट ठेवलं.

टेचिमानचं थंडीचं यंत्र बंद पडलंय. बोट. मासे मऊ पडायला लागलेत. बोट. राणीआई, हुकूम द्या, दुसऱ्याची थंड खोली भाड्याने घेऊ का? बोट. आता वास येतोय.

कोजो धावत आला. त्याने आधी रांग तपासली. "मावशी, चौकोनाची काही चूक नाही. एकही निरोप हरवला नाही. सगळे क्रमाने आले."

"मासा सडला क्रमानेच ना?"

"सडला म्हणजे... यंत्र आता दुरुस्त झालंय. पुन्हा गोठवू. थंडीचा आकडा बरोबर येईल. विक्रीच्या संगणकाला काही कळणार नाही."

"आणि बायांच्या नाकाला?"

नाकासाठी कोजोकडे थर नव्हता. अब्राफीने त्याच्याकडे असं पाहिलं की बादूनेसुद्धा ते शब्दांत मांडायची हिंमत केली नाही.

टेचिमानला पोचताच शीतगृहाचा मुकादम डोन्कोर सामोरा आला आणि सवयीने बादूकडे वळून बोलू लागला.

"माझ्याकडे बघून बोल रे," अब्राफी म्हणाली. "किती गेला?"

"सगळा गेला, राणीआई. मी फोन करणार होतो. पण नोकरी..."

"माझ्याच तोंडचा हुकूम होता तो. तुझ्या नोकरीला हात लागणार नाही. खड्डा खणायला घे."

तिने मासा तिथल्या बाजारामागच्या मोकळ्या जागेत उघड्यावर आणवला, भर दिवसा. कोजोच्या हातात फावडं दिलं. पॉलिशच्या बुटांनिशी तो चिखलात उतरला. बघता बघता कोळणी जमल्या.

"अगं बाई, माशांचाही अंत्यविधी? बँडबाजा कुठाय?"

"आणि हा रडणारा कोण, वारस?"

अब्राफीचे कान तापले, पण ती हलली नाही. शेवटची पेटी खड्ड्यात पडेपर्यंत वस्त्राचं टोक नाकाला न लावता उभी राहिली. बादू तिच्या वतीने काही गोड बोलायला पुढे झाला. तिने काठी धरून त्याला मागे ओढलं.

"माझ्या दिमाखापायी सडला," ती मोठ्याने म्हणाली. "तुमच्यापैकी एकीच्याही टोपलीत गेलेला नाही. खड्ड्यातल्या पेट्या मोजून घ्या."

बाया कुजबुजल्या. त्यांतली सगळ्यात तोंडाळ, आडव्या अंगाची एकजण खड्ड्यापाशी आली, हुंगायला वाकली आणि तोंड वेडंवाकडं करून मागे सरली.

"छ्या! असलं कुणी पुरतं का? दुसरीने मसाला चोळून आमच्या गळ्यात मारलं असतं." ती खांद्यावरचं वस्त्र झटकत वळली. "पुढचा ट्रक आला की आधी माझ्याकडे उतरव, कळलं का गं, अब्राफी?"

राणीआईला भर बाजारात नुसतं अब्राफी म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. बादूने दचकून काठी उचलली.

"कळलं," अब्राफी म्हणाली.