ठकीच्या पान्यातलं तपकिरी कडं

माह्या हिंमतरावाची बदली झाली भंडाऱ्याले. ओवरसियर व्हता तो. सामान ट्रकात गेलं, सून-पोट्टे एस्टीत गेले, अन् काचेची पेटी मेहकरातच राह्यली, माह्या संगं. पेटीत एक सोनेरी मासोळी.

"माय, वाटंत फुटीन ते," हिंमतराव म्हने. "तू सांभाळ. दिवाळीले येतो."

दिवाळी आली. तो नाई आला. साहेबानं सुट्टी देली नाई म्हने.

पहिले पंधरा दिवस मी तिच्याशी बोललीच नाई. मासोळीशी काय बोलाचं? मंग एक दिवस भाजी निवडता निवडता तोंडातून निंगालं, "आज मेथी लय कडू हाये वं." तं ते काचेपाशी आली अन् तोंड उघडझाक करू लागली. तवापासून तिचं नाव ठकी. तीन खोल्यांच्या त्या घरात माह्याशिवाय हलनारं तेवढंच व्हतं.

एका दुपारी शेजारची वच्छलाबाई इरजन मागाले आली. पेटी पाहून थांबली.

"काय वं सत्यभामाबाई, हे लाल कशी?"

मी गप राह्यली असती तं ते इरजन घेऊन चालली गेली असती, अन् पुन्हा सांजीलोक घर मुकंच. म्हनून म्हनलं, "लाल नाई, सोन्याची हाये. लोनारच्या तळ्याखाली राजाचा हौद हाये, तथून आली. शंभर वर्सांची हाये. जे बाई तिले आपल्या हातानं खाऊ घालते, तिले आठ दिवसांत परगावचं पत्र येते."

वच्छलाबाई खालीच बसली. दोन घंटे उठली नाई. अन् पाचव्या दिवशी तिच्या पोरीचं अकोल्याहून पत्र आलं. पोरगी दर महिन्याले लेहतच व्हती, पन ते कोन सांगते?

मंग काय पाह्यता! आमच्या बोळीतल्या बाया येऊ लागल्या. कोनी मुरमुरे, कोनी भाकरीचा चुरा, कोनी पेढा. बांगडीवाल्या शकूरची नसीमा आली बुंदी घेऊन. तिचा भाऊ हैद्राबादेत.

"मावशी, तुमची मासोळी उर्दू पत्र आनते का?"

"हाव. तीन भाषा येतात तिले. चौथी शिकून राह्यली."

"तुह्यापाशी गप्पा ठोकाले शिकत असीन," वच्छलाबाई म्हने, अन् सगळ्या हासल्या. माह्या घरात हासल्या. मी चुलीवर च्याचं आधन ठेवलं की खाली उतरवतच नव्हती.

एकच बाई हासे नाई. बोळीच्या टोकाची मनकर्णाबाई. तिचा पोरगा निवृत्ती पलटनीत. चीनच्या लढाईले सालभर होत आलं, अन् त्याचा ना कागद ना तार. ते रोज मूठभर फुटाने बारीक कुटून आने, पान्यात सोडे, अन् ठकीनं शेवटचा दाना गिळेलोक पाहत बसे. तिच्यासाठी मी पाट मांडूनच ठेवत व्हती. ते जाय सगळ्यात मांगून.

चार महिने असे गेले. मंग पान्याले वास येऊ लागला. काच किती पुसली तरी हिरवी. ठकी वरतीच तोंड काढून राहे, शेपटात लाल लाल धागे दिसू लागले. मांगच्या गल्लीत हायस्कुलातले सायन्सचे इंद्रभान मास्तर राहत. त्यायले बोलावलं. ते बाटलीत पानी भरून घेऊन गेले, अन् दुसऱ्या दिवशी मले शाळेतच बोलावलं.

काचेच्या नळीत माह्या पेटीचं पानी. मास्तरानं त्यात हिराकसाचं पानी टाकलं, मंग नळी तिरपी करून कडेकडेनं तेजाब सोडलं. अन् पाहता पाहता मधोमध तपकिरी कडं उभं राह्यलं, बांगडीसारखं.

"हे नायट्रेट, आजी. वावरात खत टाकतो, त्यातलं सत्व."

"माह्या पेटीत खत कोनं टाकलं?"

"तुमीच. उरलेलं खानं सडते, मासोळीची घान सडते, त्याचं शेवटी हे होते. पानी आटलं की तुमी वरून भरता. पानी उडून जाते, हे उडत नाई. साचत राह्यते."

"मंग आता?"

"दर बेस्तरवारी तिसरा हिस्सा पानी काढा. आदल्या दिवशी घागरीत भरून ठेवलेलं विहिरीचं पानी टाका. सगळं एकदम नका बदलू, तिले सोसनार नाई. अन् खाऊ नखावर मावन तेवढाच. दिवसातून एकदा. एकाच हातानं."

पान्याचं मले कठीन वाटलं नाई. एका हाताचं वाटलं.

मी चलाखी केली. बायायले काही सांगितलंच नाई. बेस्तरवारच्या जागी दिवसाआड पानी काढू लागली. विहिरीवरून घागरी आनून आनून कंबर गेली. इकडे मुरमुरे चालूच, बुंदी चालूच, च्या चालूच. दोन हप्त्यानं मास्तरानं पुन्हा नळी दाखोली. कडं तेवढंच जाड.

"आजी, एका हातानं काढता अन् दहा हातानं टाकू देता."

मंगळवारी ठकी आडवी झाली. एका आंगावर, कल्ला हलवत, माह्याकडे एकच डोळा.

ठकीनं उपास धरला म्हनून सांगावं, असं आलं मनात. लय सोपं व्हतं. पन उपास सुटला की फुटाने पुन्हा सुरू. दुपारी सगळ्या जमल्या तवा मी पेटीवर फळी ठेवली.

"बायायहो, मी फेकली व्हती. कायचा राजा अन् कायचा हौद. हिंमतरावानं मुंबईहून आनली हे. पत्र-बित्र काही आनत नाई. तुमच्या खाऊनं मरून राह्यली."

"म्हंजे माह्या पोरीचं पत्र?" वच्छलाबाई.

"ते तुह्या पोरीनं लेहलं."

"चार महिने मी तिले पेढे चारले वं!"

"अर्धे मी खाल्ले."

नसीमा फक्कन हासली, पन वच्छलाबाईनं तिच्याकडे असं पाह्यलं की तिनं तोंडावर पदर घेतला. एकेक करून उठल्या. कोनी माह्याकडे वळून पाह्यलं नाई.

मनकर्णाबाई पाटावरच व्हती. मुठीत फुटाने.

"अन् निवृत्तीचं?" ते म्हने.

"मले नाई माहीत, माय. मासोळीले बी नाई."

तिनं फुटाने पदराच्या टोकाले बांधले, गाठ दोनदा मारली, अन् गेली.

तवापासून घर मुकं. सकाळी नखभर पीठ पान्यात सोडलं की माहं काम सरे, अन् दिवस तसाच राहे. बेस्तरवारी मोजून तिसरा हिस्सा काढाचा, हळूहळू नवं टाकाचं. तिसऱ्या बेस्तरवारी नळीतलं कडं दोऱ्याएवढं. सहाव्या बेस्तरवारी दिसेचना. मास्तर लेकरावानी खुश.

"पाहा आजी, साफ!"

मी पाह्यलं. ठकी बी सरळ पोहत व्हती, शेपूट लख्ख. कोनाले दाखवाचं ते समजलं नाई.

"अन् काढलेलं पानी मोरीत नका फेकू," मास्तर जाता जाता म्हने. "झाडं तरारतात त्यानं."

माह्या अंगनात फरशी. झाड नाई. म्हनून बादली उचलली अन् बोळीच्या टोकाले गेली. मनकर्णाबाई दारात तूर पाखडत व्हती. मी तिच्या वालाच्या वेलाच्या बुडी पानी वतू लागली.

सूप थांबलं. "कायचं पानी व्हय?"

जिभेवर आलं व्हतं हो. सात समुद्राचं, गंगेचं, काय काय. गिळलं.

"मासोळीचं. झाडाले चांगलं असते म्हने."

"कोन म्हने?"

"मास्तर. मी नाई."

ते पुन्हा तूर पाखडत राह्यली. मी रिकामी बादली घेऊन वळली, तवा मांगून म्हने, "पुढच्या बारीले वांग्यायले टाकजो. वालाले झालं एवढं."

"आत ये" नाई म्हनली. मी बी थांबली नाई. बेस्तरवारले अजून सात दिवस व्हते.