कडू घास

श्रीरामपूरच्या त्या गल्लीत सविता आणि सत्यशीला यांची घरं भिंतीला भिंत लागून. भावकी एकच, आडनाव एकच. फक्त सविताच्या घरानं बाप्तिस्मा घेतला आणि सत्यशीलाच्या घरानं पुढे बौद्ध धम्माची दीक्षा. त्यामुळे लहानपणी दोघींची चंगळ. रविवारी सत्यशीला बिस्किटाच्या लोभानं संडेस्कूलला जाऊन बसायची, पौर्णिमेला सविता खिरीसाठी विहारात. काय दिवस होते ते!

याईराची मेलेली पोर येशू 'ती झोपलीय' म्हणत हात धरून उठवतो, ही सविताची लाडकी गोष्ट. विहारात म्हातारी आक्काबाई किसा गौतमीची सांगायची. मूल उठवायचं तर कुणी न मेलेल्या घरातली मूठभर मोहरी आण, असं बुद्ध सांगतो; मेलेलं मूल कडेवर घेऊन ती मोहरी मागत हिंडते, पण कुणीच मेलं नाही असं घर काही तिला सापडत नाही.

"आमची पोरगी उठती, तुमचं पोरगं न्हाई!" सविता ठेंगा दाखवायची. सत्यशीला रडकुंडीला यायची.

"अगं, आमच्यात आई उठती," आक्काबाई हसायची. पोरींना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही.

परवा सविताची लेक सृष्टी तापानं गेली. धर्म बदलले तरी गल्लीचा रिवाज बदलला नव्हता. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरीचा कडू घास आणतात. सत्यशीलानं आणलेलं ताट सवितानं परत पाठवलं. काल पुन्हा आणलं, तेही पाठवलं. "ती झोपलीया," एवढंच म्हणायची. घास घेतला म्हणजे पोर गेली हे कबूल केलं, असं तिनं मनाशी धरलं होतं. आता तर उठून उभं राहिलं की तिला भोवळ येत होती.

आज दुपारी सत्यशीला ताट घेऊन आली ती समोर फतकल मारूनच बसली.

"घेऊन जा. मला न्हाई खायाचं."

"सवे, ती पोरगी उठल्यावर येशू काय म्हनला?"

सवितानं ताट दूर सरकवलं. इतकी वर्षं चर्चमधल्या मुलांना तिनंच ती गोष्ट शिकवली होती.

"संडेस्कूलात तुझं ध्यान उठन्यावर, माझं खान्यावर. त्यो म्हनला, हिला कायतरी खायाला द्या."

"माझी सृष्टी कुठं उठली गं?"

"न्हाई उठली, बाई. न्हाई उठायची." सत्यशीलानं ताट पुन्हा पुढं ओढलं. "पर तू ऊठ."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि सविताच्या तोंडाशी धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग सवितानं तोंड उघडलं. घास कसाबसा गिळून ती म्हणाली, "सत्ये, माझी सृष्टी मेली गं."